केसभर

आधी स्प्रिंग काढ, एलुनेद म्हणते,
मग बोल्ट, मग पितळेचं जे काही निघेल ते.
बादलीत जाईल फक्त ॲल्युमिनियम.
बाकी सगळं बिस्किटांच्या डब्यात,
आणि डब्यावर झाकण. तुझ्या बापासारखं
फरशीभर पसरून ठेवू नकोस.

शेडचं दार सताड उघडं.
मागे पाटीच्या दगडाचे ढिगारे, खाण बंद पडली तरी
गावावर ओठंगून उभे.
वारा कुठून येतोय ते ती गाल फिरवून बघते,
मग त्याच्याकडे पाठ करून बादली समोर ओढते.
इओलोच्या डोळ्यांवर
शाळेच्या प्रयोगशाळेतला जाड चष्मा,
एकतीस वर्षं ती असे चष्मे धूत आली.
कोपरापर्यंत रबरी हातमोजे.
नळाला नळी, एकदा सोडून बघितलेली.

पाण्यात सोडा. सोड्यात पाणी कधीच नाही.
पाणी थंड. सोडा चमच्या-चमच्याने.
घाईतल्या माणसाने हे काम करू नये.
निळी प्लास्टिकची बादली हळूहळू कोमट होते
चुलीवाचून,
जशी काही घरं तापतात
कुणी काहीच बोललेलं नसताना.

क्लचचा दांडा नायलॉनच्या दोरीने आत सोडला.
क्षणभर काही नाही.
मग सोनेरीवर राईएवढे बुडबुडे,
मग अख्खी बादली कुजबुजायला लागते.
हा हायड्रोजन, ती म्हणते,
खिशातलं लायटर बाहेर भिंतीवर ठेवून ये.
मला माहीत आहे तुझ्याकडे आहे.

इओलो ठेवून येतो.
किती वेळ लागेल?
घड्याळ नको बघूस, रंग बघ.
तो लावलेला नसतो मुळी.
धातूचीच साय ती, विजेने वर आणलेली,
तिच्या छिद्रांत रंग मुरवून तोंडं मिटवलेली.
म्हणून नखाने निघत नाही.
म्हणून काढताना खालचा धातूही थोडा जातो.
थोडा म्हणजे?
केसभर. विसरलास तर जास्त.

शहाऐंशीच्या जानेवारीत तुझ्या बापाने
रेक्समहून ही जोडी आणली.
आईने कोळशासाठी बाजूला ठेवलेले पैसे होते ते.
तो आठवडा आम्ही कोट घालून जेवलो.
हे ती सांगते
नळीची लांबी सांगावी तसं.
इओलो बादलीतून नजर वर करत नाही.
सोनं चहाच्या रंगावर आलं,
मग पेजेच्या,
मग आलंच नाही कुठल्या रंगावर.

वर काढला तर काळाठिक्कर.
पोरगा दचकतो: बिघडला!
काजळी आहे. मिश्रधातूतलं तांबं,
सोड्याला न पचलेलं.
आधी धू. पुरे वाटलं की अजून धू.
अंगावर उडालं तर मला हाक मारत बसू नकोस,
नळाखाली हात धर आणि तिथून हलू नकोस,
वीस मिनिटं, कंटाळा आला तरी.

दुपारभर तो घासतो.
दांडा पांढरा होत जातो,
राखेने घासलेल्या भांड्यासारखा,
जुना, आणि पहिल्यांदाच बघितलेला.

पाच वाजता गेथिन येतो, चढ चढून, गुडघा धरत.
दांडा उजेडाकडे नेत नाही,
तळहातावर तोलतो नुसता.
बोल्ट घालून हलवतो. टक्. टक्.
सैल झालाय, म्हणतो.
हो.
सोनेरी बरा दिसायचा.

एलुनेद बादलीवर झाकण दाबते,
चारी बाजूंनी, अंगठ्याने.
इओलो मार्करने मोठ्या अक्षरांत लिहितो
आत काय आहे, आणि तारीख.
मांजर येऊन वास घेतं, हाकललं जातं.

बुश टाकीन, ती म्हणते बऱ्याच वेळाने,
पाठमोरीच.
पितळेचा. उद्या मोजून.

गेथिन अंगातला कोट काढतो,
दाराच्या खिळ्याला अडकवतो.
बाहेर चार अंश.