मोजा

सदरच्या दुकानात मुटिसोनं
एक बोट वर केलं: "मोजा."
आबांनी लगेच टेप लावली.

त्याच्या भाषेत मोजा म्हणजे एक.
एकच शर्ट हवा होता त्याला, निळा, गावी घालायला.
हे कळेस्तोवर छाती, गळा, मनगट वहीत उतरलेलं,
आगाऊ दोन रुपये जमा.

कामठीहून ट्रक येत राहिले.
रॉकेलची रांग लांबली, संत्री आम्हालाच महागली,
आणि आम्ही पोट्टे लगोरी रचताना म्हणू लागलो
मोजा, म्बिली, तातू.

मग छावणी ब्रह्मदेशाकडे रिकामी झाली.

कापड मिळेना तेव्हा आईनं
त्या शर्टातून माझे दोन झंपर बेतले.
आबा पोळ्यापर्यंत तिच्याशी बोलले नाहीत.

वहीत अजून आहे:
मुटिसो. देणे, शर्ट १.
तो आकडा मी त्याच्याच भाषेत वाचते.