साडेपाच तास

कोतवाल बुकात वाळवीनं खाल्लेल्या जागा सोडून
बाकी सगळं मी टाइप करते.
मौजा भिवकुंड, रिठी धरून. जन्म आणि मृत्यू.
पंखा आहे, पण लाइन दुपारी दोनला जाते
आणि मे महिन्यात बटणंही तापतात.

आधी तारखेचं रूप ठरवावं लागतं.
डोमाजी कोतवालाच्या हातची: तेरा सात एकोणपन्नास,
मधे तिरप्या रेघा, बैलाच्या शिंगासारखा नऊ.
मशीनला हवं वर्ष पुढे, मग महिना, मग दिवस,
पंगतीत मोठ्यांना आधी बसवतात तसं.

पहिल्या दिवशी मोठ्या एमच्या जागी छोटा एम पडला.
मोठा म्हणजे महिना, छोटा म्हणजे मिनिट.
अख्खं गाव जानेवारीत जन्मलं,
कुणी सातव्या मिनिटाला, कुणी अकराव्या.
सरपंच म्हणाले, चांगलं हाय, थंडीत झाले सारे.

मग एकोणपन्नासचं दोन हजार एकोणपन्नास झालं.
मारोतराव टेंभुर्णे काठी टेकून दारात उभे
आणि पडद्यावर त्यांना जन्मायला अजून बरीच वर्षं.
"मंग पेन्शन?"
"जन्मल्यावर, काका."
हसले तेव्हा दिसलं,
दातही अजून आले नव्हते.

ज्यांची तारीख वाळवीनं नेली
त्यांच्या रकान्यात मी शून्य टाकलं.
शून्यालाही तारीख असते हे मला कुठं माहीत:
एक जानेवारी एकोणीसशे सत्तर, पहाटे साडेपाच.
सतरा माणसं एकाच पहाटे.
साडेपाच का, तर मशीन मध्यरात्र मोजतं तिकडची,
दूरची,
आणि इथं तोवर अंगणात सडा पडलेला असतो.
सतराही जणांना मी पुन्हा कोरं केलं.
कोरं बरं.

कुंदा नैताम आली तेंदूचा हंगाम आटोपून,
पुड्यांची सुतळी मनगटाला तशीच.
दाखला हवा होता, स्वतःचा आणि आईचा.
मी छापले. तिनं दोन्ही शेजारी ठेवले टेबलावर,
बराच वेळ.
"बाई, माही माय माह्या आंधी मेली का?"

जन्म: एकोणीस ऑगस्ट अठ्ठ्याहत्तर.
मृत्यू: अठरा.

बुक काढलं. डोमाजी वेळही लिहायचा,
कुणी सांगितलेलं नसताना.
मुलगी, रात्री तीन वाजून पाच.
सोनाबाई, बाळंतपणात, साडेचार.
जन्माचा रकाना गेला होता इथल्या घड्याळानं,
मृत्यूचा तिकडच्या.
साडेचारातून साडेपाच वजा केले
की आदल्या रात्रीचे अकरा उरतात.

एकच ओळ राहिली होती लिहायची,
आपण कुठले ते सांगायची:
आशिया, तिरपी रेघ, कोलकाता.
भिवकुंड त्या यादीत नाही.
ओळ लिहिली, साडेपाच तास मिळवले,
सोनाबाई एकोणीसला परत आली.
मग मृत्यूतून जन्म वजा केला,
हे कुणी मागितलं नव्हतं.
एक तास पंचवीस मिनिटं, शून्य सेकंद.

कुंदानं तीनदा विचारलं, किती.
"एक घंटा, वरती पंचवीस मिनिटं."
"मंग पाजलं असंन न तिनं मले?"

याचा रकाना नाही.

जाता जाता दारातून तीच म्हणाली,
डोमाजीचं घड्याळ बिडी ठेकेदारानं देल्लं होतं,
दहा मिनिटं पुढं चाले, साऱ्या गावाले ठाव.
मी म्हटलं, दोन्हीकडून दहा काढले
तरी मधलं तेवढंच राहतं.
तिनं दाखले पदरात गुंडाळले, न मोडता.

मी सेव्ह दाबलं. दोन वाजले, लाइन गेली.
आतलं घड्याळ म्हणे चालूच राहतं,
बटणाएवढ्या एका सेलवर.