सिरीजमध्ये साठचा बल्ब

मांगोर हिलवर आमची स्कूटर पावसात उभी असते
कारण गॅरेजात ऑसिलोस्कोप राहतात.
अकरा. त्यांतले चार व्हॉल्व्हचे,
उचलायला दोन माणसं आणि एक शिवी लागते.

कपाटं फोंड्याच्या बंद पडलेल्या आयुर्वेदिक दुकानाची,
फळ्यांवरची अक्षरं खरवडली नाहीत.
'सर्दी-पडसे'वर सिग्नल जनरेटर,
'बालरोगां'त मल्टिमीटर.
कुंदाला या छंदाचं काडीचं कौतुक नाही
पण हाक तीच मारते:
अहो, तुमचा पडसेवाला तापलाय.

इथली हवा लोखंड खाते.
बंदरावरून मीठ, चिऱ्यांतून ओल,
आषाढात बेकेलाइटला लोणच्यासारखी बुरी धरते.
म्हणून प्रत्येक कपाटात पंधराचा दिवा, दिवसरात्र,
आणि दर आयतवारी सिलिका जेल तव्यावर भाजायचं
निळं होईस्तोवर.
तव्यावर त्याआधी बांगडे झालेले असतात.
एका फ्रिक्वेन्सी काउंटरला तो वास कायमचा लागलाय.

दाबोळीला विमान उतरलं की काचा थरथरतात,
सगळे काटे जरासे हलतात,
कुणी काही मोजायला सांगितल्यासारखे.

लोक विचारतात, यातनं निघतं काय?
रेडिओ असता तर निदान बातम्या.
खरं आहे. ही काही करत नाहीत,
दुसऱ्याचं कसं चाललंय तेवढं सांगतात.
मीही गोदीत तीस वर्षं तेच केलं.
जहाज निघायचं मोंबासाला,
मी सांगायचो, तुझं रडार तीन टक्के चुकतंय,
आणि बसनं घरी यायचो.

चिखलीहून आर्मिंदाबाय रिक्षानं आली,
मांडीवर टॉवेलात गुंडाळलेला लहान स्कोप.
नवरा कायतान, जहाजावरचा वायरलेसवाला.
"भंगारवालो किलोन मागता," म्हणाली,
"हांव किलोन दिवची ना."

बावीस वर्षं निजलेलं यंत्र एकदम प्लगात घालू नये.
कपॅसिटर विसरलेले असतात
की आपलं काम धरून ठेवायचं.
आधी सिरीजमध्ये साठचा बल्ब, व्हेरिअ‍ॅक शून्यावर.
वीस व्होल्ट. चहा.
चाळीस. कायतानच्या बढतीची गोष्ट.
ऐंशी. ती गोष्ट पुन्हा, थोडी वेगळी.
बल्ब भक्कन पेटून तसाच राहिला तर आत शॉर्ट,
पेटलाच नाही तर तार तुटलेली,
लाल होऊन हळूच मागे सरला
तर आत कोणीतरी आहे.

सरला.

दोनशेला जळक्या धुळीचा वास सुटला.
"ताच्या केबिनीचो वास," ती म्हणाली,
आणि पडद्यावर हिरवी रेघ आली, आडवी, सपाट.
तिनं घाईनं खुरीस काढला.
ही रेघ तिनं मडगावच्या इस्पितळात पाहिली होती.
अगो नाही, म्हटलं,
इथे सपाट म्हणजे सगळं ठीक.

प्रोबचं टोक तिच्यापुढे धरलं. बोट लाव.
रेघ उसळली. लाट, मागून लाट, पडदाभर.

"हें म्हजें?"

हो म्हणता आलं असतं.
पण तीस वर्षं मोजण्यात गेलेली.
नाही, म्हणालो, हे पन्नास हर्ट्झ.
भिंतीतल्या वायरींचं, फ्रिजचं, शेजारच्या मिक्सरचं,
घरभर पसरलेलं असतंच,
तुझं अंग एरियलसारखं ते धरतं, इतकंच.

तिनं बोट काढलं. लावलं. काढलं.
"मागीर हांव ना जाल्यार दिसचें ना?"

नाही, म्हणालो. दिसत नाही.
उत्तर बरोबर होतं,
तरी मी उगाच फोकसची खुंटी फिरवत बसलो.

आता तो 'उदररोगां'त आहे, जागा तिथेच होती.
मिसा संपली की कधीमधी आर्मिंदाबाय येते,
कपाटांपुढून चालत जाते,
'बालरोग' वाचून हसते.
मी बल्ब जोडतो, व्हेरिअ‍ॅक शून्यावर आणतो.
कुंदा आतून ओरडते, आता बरा झालाय ना तो,
थेट लावा की!

लावता येतो थेट.
पण मग चहाला वेळ कुठून आणायचा.