अर्धी वीत

जळालेली मोटार उघडायच्या आधीच
मला वासावरून कळतं
आत किती तांबं वाचलंय, किती कोळसा.
उदगीरला नळेगाव रोडवर तीस वर्षं
हेच रिवाइंडिंग.

लातूरला टेबलावर माझं पोट उघडलं
तेव्हा वास कुणाला आला असेल, मला नाही.
काळजातून सुटलेली एक गुठळी,
ज्वारीच्या दाण्याएवढी,
आतड्याच्या रक्ताच्या फाट्यावर अडकली होती.
खालची सगळी लाईन बंद.

केंद्रेबाईंनी नंतर सांगितलं :
गुठळी काढली, गरम सलाईनचे रुमाल
वेढ्यांवर अंथरले
आणि थांबलो.
दहा मिनिटं कुणी काही बोललं नाही.
रुमाल उचलला तर काही वेढे तसेच काळे,
काही जांभळे,
काही मात्र हळूहळू गुलाबी.

गुलाबी तेवढं ठेवलं. साडेतीन फूट.
माणसाला वीस असतं म्हणे.

मग वर्षभर खाल्लेलं अंगी लागेना.
रझिया वरण गाळून द्यायची,
ते चहालाही न थांबणाऱ्या पाहुण्यासारखं
आल्या पावली निघून जायचं.
पाना धरवेना. वजन एक्केचाळीस.
रात्री शिरेतून, बाटलीनं जेवायचो.

दुसऱ्या ऑपरेशनाआधी बाईंनी
केसपेपरच्या पाठीवर काढून दाखवलं :
शेवटाकडची अर्धी वीत सोडवायची,
तिच्या रक्तवाहिन्या न तोडता फिरवायची,
उलटी शिवायची.
येणारं अन्न ती वर ढकलेल,
ते घुटमळेल,
तेवढ्यात बाकीचं आतडं
आपलं काढून घेईल.

मला हसू आलं.
म्हटलं, बाई, थ्री-फेजच्या दोन वायरी
इकडच्या तिकडं झाल्या की पंप उलटा फिरतो.
गिऱ्हाईक शिव्या देतंय.
हीच चूक दुरुस्त करण्यात जिंदगी गेली माझी.

त्या म्हणाल्या, मैनोद्दीन मिस्त्री,
ही चूक फार जपून करावी लागते.
जरा पीळ पडला की रक्त बंद.

आता दुपारी दोन तास दुकानात बसतो.
हणमंत वेढे घालतो,
त्याचा आकडा चुकला की मी सांगतो.
वीतभर पोटासाठी माणूस काय काय करतो, म्हणतात.
माझी तर अर्धीच वीत,
अन् तीही उलट्या तोंडाची.

बाई म्हणतात, ते जाणवत नसतं.
मला जाणवतं.
भाकरीचा चौथा तुकडा उतरला की
बेंबीखाली कुणीतरी
बाही धरून म्हणतं, बस की जरा.

काल किराणावाल्याच्या काट्यावर उभा राहिलो.
त्रेपन्न.
चपला काढायला विसरलो होतो,
धरा बावन्न.