कदाचित तुम्ही यांना ओळखत असाल

महाप्याच्या गेटवर
रात्री पावणेदहाला
वॉचमन माझ्या फोनच्या दोन्ही डोळ्यांवर
लाल स्टिकर चिकटवतो,
एक पुढे, एक मागे.
आत फोटो काढायचा नाही.
सकाळी खरवडला तरी गोंद काचेवर राहतो,
म्हणून माझ्या फोनमध्ये
बायको, पोरं, गणपती, सगळे
जरा धुकट येतात.

आत कुणाचं काय पडलंय, मला माहीत नाही.
लोक त्याला ढग म्हणतात.
सतरा वर्षं चिलरवर काढली,
मला एवढंच कळतं
की हा ढग तापतो,
आणि त्याला बावीस अंशांवर ठेवायला
आम्ही नऊ जण जागतो.

माझा फोन कोण थंड करणार?
खिशात तो तव्यावरून उतरवलेल्या भाकरीसारखा
छातीला लागतो.
आज अंगठा टेकवावा
तर अक्षर उद्या उमटतं.
दुपारच्या आत बॅटरी मान टाकते.

कोपरखैरण्याच्या गाळ्यातल्या फैजाननं
तो उघडलाही नाही.
सेटिंगमध्ये दोन बोटं फिरवली, म्हणाला,
“काका, बॅटरी ठणठणीत आहे.
हे एक अ‍ॅप बघा. तुम्ही झोपता, हे झोपत नाही.
माइक दिलाय, लोकेशन दिलंय,
सगळे नंबर दिलेत. दिले कोणी?”

मीच दिले असणार.
जिथं जिथं परवानगी मागितली
तिथं अंगठा दिला.
आमच्या घरात ती सवय जुनी.
आजोबांनी खाडीकाठची शेती गेली तेव्हा दिला,
कागद वाचून दाखवा असं न म्हणता.
बदल्यात पुढं कधीतरी
साडेबारा टक्क्यांचा तुकडा आला,
आणि त्या तुकड्यावरून
मी आणि दादूस
अकरा वर्षं बोललो नाही.
“यापुरं मना हाक मारू नको,”
हे त्याचं शेवटचं.

रात्री तीनला कँटीनमध्ये
अ‍ॅप काढायलाच बसलो होतो.
नावावर बोट दाबून धरलं.
फोन हँग.
चकती फिरते आहे, फिरते आहे,
चहावर साय धरली,
आणि काढून टाकायच्या चौकटीऐवजी
भलतंच काही उघडलं:

कदाचित तुम्ही यांना ओळखत असाल.

मोरेश्वर मढवी. गोठिवली.
दाढी पांढरी झालीय.
चष्मा नवा, की मलाच नवा.
मागे भिंत दिसते,
तिचा रंग आम्ही दोघांनी निवडला होता.

मी त्याचा नंबर केव्हाच पुसला होता.
फैजान म्हणाला होता,
हे अ‍ॅप हवेतून नावं काढत नाही,
कुणाच्या तरी फोनमध्ये तुम्ही असता,
तिथून वाट काढतं.
म्हणजे त्याच्याकडे मी आहे.
अकरा वर्षं, बहुतेक दोन-तीन फोन बदलून,
दर वेळी नव्या फोनमध्ये
मला बरोबर नेत.
कुठल्या नावानं ते माहीत नाही.
धाकला? मढवी चिलर? चोर?
अ‍ॅपला माहीत असणार.
मला सांगत नाही.

की दुसऱ्याच कुणाकडे आम्ही दोघं आहोत,
आत्याकडे, किंवा त्या वकिलाकडे?
तसंही असेल.
विचारणार कुणाला?

भिंतीपलीकडे रॅकमध्ये
निळे दिवे लुकलुकत होते.
तिथंच कुठंतरी तो आणि मी
शेजारी शेजारी असू, बावीस अंशांवर,
नाहीतर असूच कुठल्या परदेशात.

माइक बंद केला.
लोकेशन बंद केलं.
कॉन्टॅक्टवर अंगठा नेला
आणि तिथंच धरून राहिलो.
बॅटरी चार टक्के.

तेवढ्यात तीन नंबरच्या चिलरचा बजर वाजला.
फोन तसाच खिशात टाकला,
चालू.
जिना उतरेपर्यंत
तो छातीला लागत होता.