अडीच ग्रॅम

तेहतीस वर्षं मी रबाळ्याला वास ओळखले.
म्हणजे पगार रंग तपासायचा होता,
पण पिंपाचं झाकण उघडलं
की आत टोल्युइन आहे की झायलीन
हे मशीनच्या आधी माझं नाक सांगायचं.
नंतर नंतर मशीनच आधी सांगू लागलं.

निवृत्तीला मिळालेलं घड्याळ कपाटात आहे.
प्रयोगशाळेतला छोटा तराजू मात्र
मी मागून घेतला, भंगारात निघाला होता.
त्यावर आता चहा मोजतो.
अडीच ग्रॅम.
हेमलता म्हणते, सोनं आणलंत की काय.

चहा तुर्भ्याच्या मार्केटातला, वेलजीभाईंच्या गाळ्यावरचा.
मिरचीच्या पोत्यांमधून वाट काढत गेलेलं नाक
तासभर कामाचं नसतं,
तेवढा तास ते मला बसवून ठेवतात
आणि भावाशी चाललेल्या खटल्याची तारीख सांगतात.
मग पांढऱ्या वाट्या. तीन मिनिटं.
चमच्यात घ्यायचा आणि सुर्रकन ओढायचा,
टाळूला लागून नाकात चढेल असा.

पहिल्यांदा मला जमेना.
लहानपणी बशीतून असाच ओढला
म्हणून आईनं घातलेला धपाटा
साठाव्या वर्षीही पाठीत तसाच होता.
"लाजू नका साहेब," वेलजीभाई म्हणाले,
"चा ऐकू आला पाहिजे."

एक वही ठेवली आहे.
व्यापाऱ्यांचे शब्द मला परके, म्हणून माझे लिहितो.
निलगिरी: जूनमधल्या वहीचं पहिलं पान.
दार्जिलिंग, मार्चच्या खुडणीचा:
कच्चा पेरू, देठाकडचा.
आसाम: सुतळी, गूळ, गोदामाचं कुलूप.
त्या महागड्या पांढऱ्या चहापुढे
चार रविवार काहीच लिहिता आलं नाही.
गरम पाणी, एवढंच.
पाचव्या रविवारी, कप रिकामा झाल्यावर,
तळाशी नाक नेलं तर
तांदूळ धुतलेलं पाणी!
नाक परत येतंय, मी हेमलताला ओरडून सांगितलं.
ती म्हणाली, मग बघा बरं,
दूध उतू गेलंय का.
गेलं होतं.

परवा वेलजीभाईंनी पुडीत काळी पत्ती दिली,
लाकडाच्या धुरावर सुकवलेली.
"कोणी घेत नाही. काय आहे ते तुम्हीच लिहा."
ऐरोलीच्या आमच्या बाल्कनीत
खाडीला भरती असेल तेव्हाच चाखायला बसता येतं,
ओहोटीला चिखल कपात उतरतो.
भरती होती. तीनदा ओढला.
लिहिलं: डांबर. खोडलं.
लिहिलं: आंघोळीचा बंब.
जवळचं होतं, पण तेही खोडलं.

हेमलता मेथी निवडत होती.
म्हटलं, जरा बघतेस?
कोरा चहा तिनं जन्मात तोंडाला लावला नव्हता.
वास घेतला. जुडी खाली ठेवली.
"बाळंतिणीची खोली," म्हणाली.
"धुरी. ओवा, बाळंतशेपा, वावडिंग.
केतकी बारा दिवसांची होती."

ती खोली मला माहीत नाही.
शनिवारची दुसरी पाळी संपवून
मी मध्यरात्री पेणला पोचायचो
आणि उंबऱ्यातच सासूबाई हात आडवा धरायच्या:
लांबूनच बघा,
कंपनी अंगावर घेऊन आलात.
मी लांबूनच बघितलं.
एक टोपडं दिसायचं.

वहीत तिचे शब्द तिच्या नावानं लिहिले.
चोथा बशीत पसरला. पानं उलगडली होती,
कडेला बारीक दाते,
एकाचा देठ कुणीतरी नखानं खुडलेला.
उरलेल्या चहात तोवर तिनं दूध ओतलं,
साखर, ठेचलेलं आलं,
आणि पातेलं गॅसवर चढवलं.
अडीच ग्रॅमची पार वाट लागली.
मी काही बोललो नाही.
उकळी येईपर्यंत
तिच्या शेजारी उभा राहून
वास घेत होतो.