सीझन नसताना

नाव घाटावर पालथी पडलीय, पिवळी,
आणि तिच्या खालच्या सावलीत
कोणाची तरी कोंबडी अंड्यांवर बसलीय.
चौकशी म्हणून हळू आवाजातच केली.

थंडीत हिला उसंत नसते.
नागपूरहून लोक येतात, गळ्यात दुर्बिणी,
पाहुण्या बदकांपेक्षा जास्त रंगीत,
तासाला तीनशे मोजून
कुजबुजत बोलतात.
आता चैत्र. बदकं गेली, लोक गेले,
पाणी काठापासून चाळीस पावलं मागं सरलं,
आणि मिलचा पट्टा तुटला म्हणून
मालक म्हणाले, पंधरा दिवस येऊ नका.
बावीस वर्षांत पहिल्यांदा.

मच्छीमार संस्थेचे सचिव पैकूजी नान्हे
पावतीपुस्तक उघडून बसले.
किती तास?
चार दिवस.
त्यांनी चष्मा काढला.
शहाण्णव गुणिले तीनशे,
कागदाच्या कडेला मांडलं, माझ्याकडे सरकवलं,
आणि आम्ही दोघं त्या आकड्यासमोर
मयतीला आल्यासारखे गप्प.

'रातीचे पैसे कायले जी? रातीले नाव बांधूनच राहीन.'
'मंग रातीले का करसान?'
'झोपू.'
'घरी बाज नाही का?'

तोवर पारावर बातमी पोचली होती.
लगन आहे का तिकडं? तेरवी? पोरगी पाहायची?
नवस होता का?
नुसतंच, मी म्हटलं.
नुसतंच कोणी पाण्यावर जाते का, बाप्पा,
म्हातारा झिबल म्हणाला, आणि त्याचं बरोबर होतं,
साठ वर्षं जाळं घेऊनच गेलेला माणूस.

रात्री बारदान्याच्या पावतीमागे नकाशा काढला.
पहिला मुक्काम खडकाचा डोह.
दुसरा, चुलबंद जिथं वैनगंगेला मिळते.
तिथून आत, नाल्यानं, बेशरमाच्या झुडपांतून
सावरटोल्याच्या मागपर्यंत,
जिथला रस्ता मला पाठ आहे
पण पाण्याकडून ते गाव कसं दिसतं, माहीत नाही.
पैकूजींनी पेन्सिलीनं फुली मारली:
इथं चैत्रात बांबू गुडघाभरच बुडते,
उतरून ढकलाव लागन.
म्हटलं, सुटीत ढकलायचं?
म्हणाले, उनारीत सगळंच ढकलाव लागते.

सयत्रा पोहे निवडत ऐकत होती.
कपडे कुठं वाळवायचे, तिनं विचारलं.
दिवा कुठं लावायचा, वारा असते.
तिसरा प्रश्न विचारलाच नाही,
फक्त नकाशा ओढून घेतला
आणि काठावर झाडी कुठं कुठं दाट आहे
तिथं तिथं मला खुणा करायला लावल्या.
माझ्या मुक्कामांतले दोन त्यात गेले.
एक नवा आला, त्याचं नाव तिनं सांगितलं नाही.

शेवटी ठरलं ते असं:
दिवसाचे आठशे, रात्र फुकट,
डिझेल आपलं, डांबर संस्थेचं,
आणि पिल्लं निघाल्याशिवाय
नाव उलटायची नाही.
कोंबडीला एकवीस दिवस लागतात.
ती कधीपासून बसलीय
हे गावात कोणालाच सांगता येत नाही.
मिलचा पट्टा नागपूरहून निघालाय म्हणे.

रोज सकाळी घाटावर जाऊन वाकून पाहतो.
ती एक डोळा उघडते, मिटते.
घरी लाखोळीच्या डाळीचा डबा भरून दाराशी,
त्यावर कंदील, त्यावर माझी टोपी,
त्यावर आता धूळही थोडी.

काल उकाडा फार. बाज अंगणात टाकली,
दोघं आडवे झालो, वर चांदणं,
लांब कुठं मोहाखाली जागल करणाऱ्याची खोकल्याची उबळ.
मी कूस बदलायला लागलो तर
अंधारात तिचा हात आला खांद्यावर:
हळू. तोल जाईन.